सरव्याचं चित्र

२९ ऑगस्ट १८६१

ही वही खरं म्हणजे शाळेचं हजेरीपुस्तक आहे. आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, दोन वर्षांची पुस्तकं आगाऊ मागवून ठेवली आणि मग स्वतःच कायमचे गैरहजर झाले. त्याला तीन वर्षं होतील. नव्या मास्तराला जुन्या आखणीचं पुस्तक चालत नाही. कोरा कागद वाया घालवायचा नाही, हे मी बूर्जच्या माहेराहून शिकून आलेय. तेव्हा रोज संध्याकाळी हजेरी मांडते. माझ्या दारात आज कोण आलं, एवढंच.

आज हजर: कोणी नाही.

गावाला माझ्याबद्दल आदर आहे, आणि आदर ही लांबून करायची गोष्ट आहे. शिवाय माझ्याकडे पाय पुसून यावं लागतं.

बातमी एकच. खाणावळीत पॅरिसचा एक चित्रकार उतरलाय, देल्मास नावाचा. वय तिशीचं, दाढी चाळिशीची. त्याला म्हणे 'खरं खेडं' रंगवायचंय. खोटं खेडं कुठे असतं ते विचारायला हवं.

३ सप्टेंबर

चित्रकाराला सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेली कणसं, वेचणाऱ्या गरीब बायका हव्यात. कापणी होऊन महिना झाला, सरवा संपला, सगळी शेतं नांगरून झाली. खुंट उभे आहेत ते फक्त माझ्या शेतात, कारण माझ्या बटाईदाराचा बैल लंगडतोय आणि बटाईदार त्याच्याहून जास्त. म्हणून स्वारी माझ्या शेतात आली. बरोबर बार्ब. गावातल्या गरिबांची यादी करायला बसलं तर बार्बचं नाव पहिलं लिहून मग पेन शाईत बुडवावं, इतकी गरीब. झोपडीत नऊ तोंडं आणि दीड पलंग.

शेत माझं, तेव्हा मी बघायला गेले. बार्ब वाकली होती, पण नाटकात वाकतात तशी.

"अगं, सरवा असा वेचतात होय?" मी म्हटलं. "कंबर मोड जरा. एक हात गुडघ्यावर, नजर खुंटात. तीस वर्षं खिडकीतून बघतेय मी."

"खिडकीतून छान दिसत असेल, मास्तरीणबाई," बार्ब म्हणाली.

मी करून दाखवलं. चित्रकार ओरडला, "बाईसाहेब, हलू नका!" मला वाटलं साप आहे. नव्हता. त्याला माझी पाठ आवडली होती.

तर आता आम्ही दोघी. फाटकी टोपी घालायची त्याने विनंती केली. मी माझी इस्त्रीची टोपी घालणार म्हणून सांगितलं. शेवटी टोपी बार्बची, मान माझी.

बार्बबरोबर उभं राहायला तसं अवघड वाटतं. नऊ वर्षांपूर्वी ती घंटा होण्याआधी माझ्या शेतात शिरली होती. सकाळी चर्चची घंटा वाजल्याशिवाय सरव्याला हात लावायचा नाही, हा नियम आहे. मी राखणदार उर्सांला हाक मारून तिच्या एप्रनचा ओचा रिकामा करायला लावला. सगळे दाणे मातीत. ती तेव्हा पोटुशी होती हे मला मागाहून कळलं. आधी कळलं असतं तरी नियमात पोटाबद्दल काही लिहिलेलं नाही.

आज हजर: कोणी नाही. (चित्रकार शेतात भेटला, दारात नाही.)

९ सप्टेंबर

दिवसाला तीन तास वाकून उभी राहते. आज दुपारी बदक केलं होतं. भरल्या पोटी वाकणं कठीण. चेहऱ्यावर जे काही आलं असेल त्याला चित्रकार म्हणाला, "हं, हेच! हेच दुःख!"

मी त्याला बदकाबद्दल सांगितलं नाही.

बार्ब सारखी बोलते. खुंटाकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत बोलते. धाकटीचे दात, थोरल्याची सैन्यातली पत्रं, जी तिला वाचता येत नाहीत आणि वाचून घ्यायला पाद्रीकडे न्यावी लागतात. मी म्हटलं, "तोंड बंद ठेव, चित्र बिघडेल." ती म्हणाली, "चित्राला कान नसतात, मास्तरीणबाई." पत्रं मी वाचून दाखवली असती. तिने विचारलं नाही.

२१ सप्टेंबर

चित्रकाराने बार्बला पुसून टाकलं! सकाळी गेले तर तिच्या जागी खुंट आणि माती. आता चित्रात मी एकटी पुढे वाकलेली, आणि पार मागे, बोटभर उंचीची, पेंढ्यांनी भरलेली गाडी आणि गावाकडे निघालेली माणसं, सगळी पाठमोरी.

मी कारण विचारलं नाही. बार्ब फार हलायची, आणि दिसायला तशी काही नाही. बिचारीला वाईट वाटलं असेल, पण कलेपुढे कोणाचं चालतं? मी जरा ताठ वाकले.

६ ऑक्टोबर

पाऊस. बैल अजून लंगडा. चित्रकार खाणावळीत बसून आभाळ रंगवतो.

हजर: खाणावळवाल्याचं मांजर.

१ नोव्हेंबर, सर्व संतांचा दिवस

चित्र पॅरिसला जाण्याआधी गावाने पाहावं अशी पाद्रीसाहेबांची इच्छा. एवढी मोठी भिंत फक्त चर्चला. म्हणून प्रार्थना संपल्यावर डावीकडे, मेंढीवाल्या संत सोलांजच्या शेजारी मी टांगली गेले.

आता एक सांगायला हवं. आमच्या गावाने आजवर चित्रं पाहिली ती चर्चमधली. तिथल्या चित्रात जे असतं ते घडलेलं असतं. कुणी मुंडकं हातात घेऊन चाललाय तर तो तसा चाललाच होता. चित्रासाठी कुणी नुसतं उभं राहतं ही कल्पनाच इथे नाही. तेव्हा लोक रांगेने आले आणि बघू लागले. दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढला. मेयरची बायको फिलिबर्ट रडली. ती जत्रेत अस्वल नाचवलं तरी रडते, पण तरी.

"मास्तरीणबाई," उर्सां टोपी काढून म्हणाला, "आम्हाला कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं?"

"हेच." त्याने चित्राकडे हनुवटी केली. "वाईट झालं."

मी सांगितलं की मी फक्त उभी राहिले होते, शेत माझं आहे, टोपी बार्बची आहे. तो मान हलवत राहिला, आजाऱ्यापुढे हलवतात तशी. मागे कुठेतरी बार्ब हसल्याचा आवाज आला. हसू दे. भिंतीवर ती नाही.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

रागाने लिहितेय.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर पाव. फडक्यात गुंडाळलेला, अजून कोमट.

या दिवशी घरोघर एक पाव जास्तीचा भाजतात, मेलेल्यांच्या नावाने, आणि उजाडायच्या आत न बोलता कुणा भिकेला लागलेल्याच्या दारात ठेवतात. तीस वर्षांत मी तो पाव लंगड्या झाडूवाल्याच्या दारात पाहिला, बार्बच्या दारात पाहिला, पुलाखाली राहणाऱ्या वेड्याजवळ पाहिला. आणि आज माझ्या! जिचं स्वतःचं शेत आहे, तांब्याची चार भांडी आहेत, नवऱ्याच्या फोटोला चौकट आहे!

सगळा त्या चित्राचा प्रताप. गावाने मला सरवा वेचताना पाहिलं, आणि सरवा वेचते ती गरीब.

पाव जाडसर दळलेल्या पिठाचा. दाताखाली दोनदा खडा आला. संपूर्ण खाल्ला, कारण अन्न टाकू नये.

हजर: कोणी नाही. (पाव धरायचा का? आणणारा दिसला नाही.)

३ नोव्हेंबर

पाद्रीसाहेबांकडे तक्रार घेऊन गेले. म्हटलं, गावाला सांगा की मी गरीब नाही.

"कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं.

"हा पाव म्हणतो."

उर्सां तिथेच लाकडं फोडत होता. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, पाव गरिबाला नसतो हो. ज्याचं कोणी नसतं त्याला असतो. मेलेल्यांच्या दिवशी ज्याच्याकडे जिवंत माणूस येत नाही, त्याला."

"मग इतकी वर्षं गरिबांनाच कसा मिळाला?"

"गरिबाकडे कोण जातं?" तो म्हणाला आणि कुऱ्हाड मारली.

मला हे पटलेलं नाही. तीस वर्षांत कोणी समजावलं नाही, आणि आत्ताच बरं सुचलं.

पुढचं माहीत होतंच, पण कधी लागू पडेल असं वाटलं नव्हतं. फडकं धुऊन, ज्याचं त्याच्या घरी, आपल्या हाताने परत करायचं, संत मार्टिनच्या सणाच्या आत, आणि रिकामं नाही. करणार नाही त्याचा गावाशी संबंध संपला. त्याच्या मयताला उशाशी बसायला कोणी येत नाही.

मास्तरांच्या उशाशी मी एकटीच बसले होते. तेव्हा वाटलं, लोकांना शेतीची कामं असतील. जानेवारी होता.

मार्टिनचा सण अकरा तारखेला. फडक्यावर ना नाव ना खूण. माझं सोडून गावात एकेचाळीस घरं.

५ नोव्हेंबर

फडकं धुतलं, त्यात परसातले बारा अक्रोड बांधले आणि निघाले. आधी मेयरकडे, कारण द्यायची ऐपत तिथे.

फिलिबर्टने दार उघडलं आणि तोंडावर हात घेतला. "मास्तरीणबाई! कोण मेलं?"

"कोणी नाही. हे फडकं तुमचं का?"

"अगबाई, असलं कळकट... म्हणजे, आमचं नाही हो. पण आत या ना. पाय राहू द्या, पुसू नका, कुत्रा रोज चिखल आणतो. बसा. कोण मेलं म्हणालात?"

एक तास बसले. वाईन झाली. तिला गुडघ्याचा त्रास आहे आणि नवऱ्याचा त्याहून जास्त. उठताना म्हणाली, "तुम्ही बोलता की! मला वाटायचं तुम्ही फक्त चुका काढता."

मी म्हटलं, "तुमच्या पडद्याची शिवण उसवलीय."

ती इतकी हसली की परत रडली.

नंतर सात घरं. सातही ठिकाणी 'कोण मेलं?' फडकं कुणाचंच नाही. तीन ठिकाणी सूप प्यायले. नाही म्हटलं तर लोकांना वाटायचं मी मानी आहे.

७ नोव्हेंबर

एकूण सव्वीस घरं झाली. माझे पाय गेले. काल रस्त्यात लोहाराच्या बायकोने आपणहून विचारलं, "सापडलं का मास्तरीणबाई, फडकं?" सगळ्या गावाला ठाऊक आहे. मला वाटतं पैजा लागल्यात.

आज विणकर सिल्व्हांकडे गेले. कापड त्याला कळतं. त्याने फडकं उजेडात धरलं, दोन्ही बाजूंनी चाचपलं.

"हे एक कापड नाही, मास्तरीणबाई. हा शर्टाच्या पाठीचा तुकडा. हा उशीचा अभ्रा. हे बहुधा लंगोट. आणि ही निळी पट्टी, ही एप्रनची. टाके बघा, पोतं शिवायच्या दोऱ्याचे." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुकडा तुकडा जोडून फडकं करावं लागेल असं घर गावात कोणतं?"

मी म्हटलं, तेच शोधतेय.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. विणकरांना बघत राहायची सवय असते.

निळी पट्टी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते. अशा पट्ट्या पुष्कळ असतात.

९ नोव्हेंबर

चाळीस घरं झाली. एक राहिलं.

तिथे जाण्यात अर्थ नाही. त्या घरात स्वतःला पुरेल एवढं पीठ नाही, ते पाव कुठून वाटणार? उद्या पाऊस असेल तर मुळीच जाणार नाही.

१० नोव्हेंबर

लख्ख ऊन होतं.

बार्बच्या झोपडीला दाराऐवजी फळी. फळी बाजूलाच होती. आत धूर, कोंबडी, पोरं. बार्ब सलगम चिरत होती. तिने 'कोण मेलं' असं विचारलं नाही.

"उशीर केलास," म्हणाली.

तीस वर्षांत पहिल्यांदा तिने मला अगंतुगं केलं. मी विसरून गेले की मी रागावायला हवं होतं.

"तुझं आहे का हे?"

"नाही, पोपचं. बस. त्या ओंडक्यावर नको, तो हलतो."

मी हलणाऱ्या ओंडक्यावरच बसले. "तुझ्याकडे पीठ कुठून आलं?"

"तुझ्या वावरातून. ऑगस्टात वेचलं. घंटा झाल्यावर गेले होते, गरिबांच्या यादीत नाव होतं, उर्सांला विचार हवं तर."

"खडे फार होते पावात."

"तुझ्याच वावरातले." ती मोठ्याने हसली, तेव्हा पोरंही हसली, काय झालं ते न कळता.

मी म्हटलं, "बार्ब, मी गरीब नाही."

"गरीब कोण म्हणतंय तुला? गरीब मी." तिने सलगमाचा एक काप तोंडात टाकला. "मी त्या दाढीवाल्याला विचारलं, बाबा रे, मला का पुसलंस? म्हणाला, तू असलीस की चित्रात दोघी दिसतात. आणि त्याला एकटी हवी होती. आता माझ्याकडे बघ. या घरात एकटं व्हायचं तर मला परसाकडे जावं लागतं, आणि तिथेही कोणीतरी मागून येतं. म्हणून मी नापास आणि तू पास. मास्तरीणबाईच शेवटी!"

मला वाटलं होतं ती हलायची म्हणून पुसली.

मग मी फडकं तिच्यापुढे ठेवलं. निळी पट्टी वर आली. दोघींनी पाहिली.

"हा तोच एप्रन?" मी विचारलं.

"तोच."

"नियम होता, बार्ब."

"होता. आजही आहे."

"मला माहीत नव्हतं की तू..."

"पोट एवढं होतं, ओनोरीन." तिने चाकू हातात धरूनच दाखवलं. "खिडकीतूनसुद्धा दिसत होतं."

हो. दिसत होतं. या वहीत तीन सप्टेंबरला मी वेगळं लिहिलंय. खोडत नाही, हजेरीपुस्तकात खाडाखोड चालत नाही. इथे दुरुस्ती मांडते. दिसत होतं.

माफी मागायला मास्तर पोरांना शिकवायचे. मला शिकवायचं त्यांना कधी धाडस झालं नाही. मी अक्रोड काढून मोजायला लागले, बारा होते ते बाराच निघाले. एका नऊ वर्षांच्या पोरीने हात पुढे केला आणि सगळे उचलले. त्याच वेळची ती. दोन दात पडलेत, बाकी धडधाकट.

"थोरल्याचं पत्र आलंय का?" मी विचारलं.

बार्बने चाकू खाली ठेवला, हात पुसले, कप्प्यातून पत्र काढलं. बंदच होतं. मी वाचलं. थोरला बरा आहे, बूट चावतात, आणि बराकीतल्या स्वयंपाक्याला फाशी द्यायला हवं असं त्याचं मत आहे. दोनदा वाचायला लावलं. फाशीचा भाग तीनदा.

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा सण

हजर: बार्ब. पाय न पुसता आत आली. फडक्यात अक्रोडाची टरफलं बांधून आणली होती. रिकामं परत करत नाहीत म्हणाली. चुलीत छान जळतात.

१८ मे १८६२

देल्मासचं पत्र. पॅरिसच्या एका प्रदर्शनात चित्र लागलंय, पण एका दाराच्या वर, त्यामुळे लोकांना आधी माझी टोपी दिसते आणि मग धक्का बसतो. सोबत वर्तमानपत्राचं कात्रण. कुणा विद्वानाने लिहिलंय की ही बाई म्हणजे देशाच्या भुकेचा चेहरा आहे.

बार्बला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "त्या दिवशी तू काय खाल्लं होतंस?"

"बदक."

तिला ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

१९ जुलै

पहाटेपासून तयार होते. घंटा झाली तशी शेतावर गेले, जुना एप्रन बांधून. शेत माझंच, पण बांधावर बायकांबरोबर उभी राहिले. उर्सां यादी घेऊन आला. एकेक नाव वाचत, एकेकीला आत सोडत माझ्यापाशी थांबला. टोपी काढावी की नाही असा पेच त्याच्या तोंडावर होता.

"मास्तरीणबाई, तुमचं नाव यादीत नाही. मालकाला सरवा वेचता येत नाही. नियम आहे."

नियम मला माहीत होता. माझ्याइतका कुणाला माहीत नाही. मी परत फिरणार होते.

तेवढ्यात बार्ब शेतातून ओरडली, "अरे उर्सां, यादीत नसेल, चित्रात आहे की! चर्चमध्ये टांगलं होतं, टोपी काढलीस ना तू?"

उर्सांने यादी पाहिली. आभाळाकडे पाहिलं. "चर्चमध्ये होतं खरं," म्हणाला आणि बाजूला झाला.

जेवढं वेचलं तेवढं बार्बच्या ओच्यात टाकलं. फार नव्हतं. माझ्याहून ती नऊ वर्षांची पोर चौपट वेचते आणि वर मला शिकवते, "कंबर मोडा जरा."

एक गोष्ट देल्मासला कळवायला हवी. त्याने मान चुकीची काढलीय. चित्रात ती सरळ खाली आहे, खुंटात. खरा सरवा वेचताना मान सारखी शेजारणीकडे वळलेली असते, कारण तोंड एक क्षण बंद नसतं. त्याचा दोष नाही. तसं उभं राहायला मीच त्याला दाखवलं होतं, आणि मी खिडकीतून पाहिलं होतं. काचेतून आवाज येत नाही.

२० जुलै

पाठ धरलीय. काल हजेरी मांडायची राहून गेली.